श्रीरामपूरची मंडळी

मराठी ख्रिस्ती बांधवांच्या भाषेंत एक शब्द आहे, तो मला फार अर्थपूर्ण वाटतो. इंग्रजींत ज्यास ‘चर्च’ म्हणतात त्यास ते ‘मंडळी’ म्हणतात. दगडविटांची इमारत तें उपासनामंदिर. मंडळी म्हणजे माणसें. आपल्याकडे तर या शब्दाला घरचा वास आहे. ‘मंडळी जेवावयास बसली’, ‘घरची मंडळी गांवाला गेली आहे’, असें आपण रोज बोलतों. ज्यांच्या पंक्तीला आपण निःशंकपणें बसूं शकतों ती आपली मंडळी, अशी या शब्दाची खूण सांगितली तर ती फारशी चुकणार नाहीं. प्रस्तुत लेखांत जिचा इतिहास सांगावयाचा आहे, त्या संस्थेस तर ही खूण अक्षरशः लागू पडते. कारण तिचा खरा जन्म एका जेवणांतून झाला.

ही संस्था म्हणजे बंगालमधील श्रीरामपूर येथील बॅप्टिस्ट मंडळी. विल्यम केरी, जोशुआ मार्शमन व विल्यम वॉर्ड या त्रयीचीं नांवें मराठी गद्याच्या इतिहासाच्या पहिल्याच प्रकरणांत येतात, तीं त्यांच्या छापखान्याच्या निमित्तानें. वर्गांत शिकवितांना मीहि अनेक वर्षें तेवढेंच सांगत आलों. छापखान्यामागें माणसांचा एक लहानसा मेळावा होता, त्याची कांहीं घटना होती, त्याचीं सुखदुःखें होतीं, याकडे माझें लक्ष उशिरां गेलें. आपल्या इतिहासलेखनांत राजे, लढाया व तह यांस भरपूर जागा मिळते; पण चार माणसें कांहीं नियम करून एकत्र कां राहूं लागलीं, आणि त्यासाठीं त्यांनीं काय किंमत दिली, हें विचारण्याची आपणांस संवय नाहीं. या लहानशा मंडळीस तोच प्रश्न विचारून पाहावा, असा येथें हेतु आहे.

प्रथम बॅप्टिस्ट पंथाविषयीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे. जन्मलेल्या अर्भकास पाणी शिंपडून ख्रिस्ती करून घेण्याची रूढि या पंथास मान्य नाहीं. समजत्या वयाच्या मनुष्यानें आपल्या श्रद्धेचा स्वमुखानें उच्चार करावा आणि मग पाण्यांत पूर्णपणें बुडून बाप्तिस्मा घ्यावा, असें त्यांचें मत. दुसरें असें कीं, प्रत्येक स्थानिक मंडळी स्वतंत्र. तिच्यावर बिशपाचा अधिकार नाहीं, राजाचाहि नाहीं. सभासदांनीं आपला पाळक आपणच निवडावयाचा आणि मंडळीचा कारभारहि आपणच पाहावयाचा. अर्थात् धर्म हा जन्मानें येत नाहीं, निवडीनें येतो, हें या पंथाचें मर्म होय. ज्या देशांत मनुष्याचें जेवण, लग्न, धंदा व स्मशान हीं सर्व जन्मानेंच ठरलेलीं होतीं, त्या देशांत हें तत्त्व येऊन पोंचल्यावर काय होणार, हें कोणासहि सांगतां आलें असतें.

विल्यम केरी याचा जन्म १७६१ सालीं इंग्लंडांतील नॉर्दम्प्टनशर परगण्यांत झाला. धंद्यानें तो चांभार. जोडे शिवतां शिवतां त्यानें लॅटिन, ग्रीक व हिब्रू या भाषा शिकून घेतल्या. १७८३ मध्यें त्यानें नदींत बाप्तिस्मा घेतला व पुढें तो एका गरीब मंडळीचा पाळक झाला. २ ऑक्टोबर १७९२ रोजीं केटरिंग गांवीं एका विधवेच्या घरच्या खोलींत कांहीं पाळक जमले आणि त्यांनीं परदेशीं धर्मप्रसार करण्यासाठीं एक संस्था स्थापिली. त्या दिवशीं जमलेल्या वचनांची एकंदर रक्कम १३ पौंड २ शिलिंग ६ पेन्स इतकी होती! एवढ्या भांडवलावर पृथ्वीच्या दुसऱ्या टोंकास निघण्याचा विचार करणारीं माणसें वेडीं तरी असावयास पाहिजेत किंवा फार शहाणीं तरी.

केरी १७९३ च्या नोव्हेंबरांत सहकुटुंब कलकत्त्यास उतरला. कंपनी सरकारचा परवाना त्याजपाशीं नव्हता, पैसाहि लौकरच संपला. मालदा प्रांतीं मुदनाबाटी येथें निळीच्या कारखान्यावर देखरेखीची नोकरी पतकरून त्यानें पांच वर्षें काढलीं. तेथें १७९४ मध्यें त्याचा पांच वर्षांचा मुलगा पीटर वारला, आणि त्याची पत्नी डोरथी हिचें चित्त कायमचें ढळलें. तिनें ही वाट आपण होऊन धरिली नव्हती. निघतांना तिनें प्रथम साफ नकार दिला होता. मिशनच्या इतिहासांत तिचें नांव थोडक्यांत येतें, परंतु या मंडळीच्या पायाखालीं जे दगड गाडले गेले त्यांत पहिला दगड तिचा आहे, हें निःपक्षपाती वाचकानें विसरूं नये.

१७९९ च्या ऑक्टोबरांत मार्शमन, वॉर्ड व त्यांचे सोबती एका अमेरिकन गलबतांतून आले. कलकत्त्याच्या एका वर्तमानपत्रानें ‘बॅप्टिस्ट’ या शब्दाऐवजीं ‘पेपिस्ट’, म्हणजे पोपचे अनुयायी, असें छापलें, आणि त्यामुळें हे फ्रेंचांचे हेर तर नसतील ना, असा सरकारास संशय आला. कंपनीच्या मुलुखांत राहण्याची त्यांस मनाई झाली. परंतु कलकत्त्याच्या वर सुमारें पंधरा मैलांवर, हुगळीच्या पश्चिम तीरीं, श्रीरामपूर हें लहानसें ठाणें डेन्मार्कच्या राजाचें होतें. तेथील गव्हर्नर कर्नल ओले बी यानें त्यांस आश्रय दिला व त्यांस कंपनीच्या हवालीं करण्याचें नाकारिलें. १० जानेवारी १८०० रोजीं केरी मुदनाबाटी सोडून तेथें येऊन मिळाला, आणि २४ एप्रिल १८०० रोजीं या मूठभर कुटुंबांनीं विधिपूर्वक मंडळी स्थापिली व केरीस आपला पाळक निवडिलें. मंडळी तर झाली, पण तिच्यांत या देशाचा एकहि मनुष्य नव्हता. सात वर्षें उपदेश करून केरीच्या पदरीं एकहि हिंदी अनुयायी पडलेला नव्हता.

त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत कृष्णपाल नांवाचा एक सुतार स्नानास जातांना घसरून पडला व त्याचा खांदा निखळला. केरीचा सोबती जॉन थॉमस हा वैद्य होता. त्यानें तो बसविला. कृष्णपाल हा पूर्वीं कर्ताभजा पंथांतील. उपासनेच्या वेळीं जातिभेद न मानणारा हा बंगालमधील पंथ. पण घरीं परतल्यावर ज्याची त्याची जात ज्याच्या त्याच्यापाशीं. आपल्याकडील वाचकांस हें नवल वाटणार नाहीं. चंद्रभागेच्या वाळवंटांत एकमेकांच्या पायां पडणारे वारकरी गांवीं परतल्यावर पंक्तिभेद पाळीत, हें आपण जाणतोंच. समतेचा अनुभव होता. त्या अनुभवास व्यवहारांत घर नव्हतें.

२२ डिसेंबर १८०० रोजीं कृष्णपाल व त्याचा मित्र गोकुळ हे मिशनऱ्यांच्या घरीं, सर्वांच्या देखत, त्यांच्या मेजावर जेवले. बाप्तिस्मा अद्याप व्हावयाचा होता. पण गांवाच्या दृष्टीनें धर्मांतर त्याच क्षणीं पुरें झालें. दुसरे दिवशीं मोठा जमाव जमला व त्यानें दोघांस ओढीत डॅनिश न्यायाधीशापुढें नेलें. न्यायाधीशानें त्यांस सोडून दिलें, तेव्हां तक्रारीचें रूप पालटलें. कृष्णपालाच्या मुलीची सोयरीक लहानपणींच झालेली होती, तेव्हां तिला वराच्या स्वाधीन करावें अशी मागणी झाली. मुलीच्या इच्छेविरुद्ध तिला कोणाच्या हवालीं करण्याचें अधिकाऱ्यांनीं नाकारिलें. परंतु कांहीं काळानें ती मुलगी बळजबरीनें पळविली गेलीच. बापानें घेतलेल्या निर्णयाचें मोल मुलीनें द्यावें, हा प्रकार धर्मांतराच्या इतिहासांत वारंवार दिसतो, आणि तो वाचून मन उद्विग्न होतें.

२८ डिसेंबर रोजीं, रविवारीं, गव्हर्नरसाहेबांच्या समक्ष हुगळीच्या पात्रांत दोघांचा बाप्तिस्मा झाला: केरीचा ज्येष्ठ पुत्र फेलिक्स आणि सुतार कृष्णपाल. गोकुळ व घरच्या स्त्रिया ऐन वेळीं कचरल्या. त्या सर्वांनीं पुढें यथाकाळीं बाप्तिस्मा घेतला. वृद्ध गव्हर्नराच्या डोळ्यांत पाणी आलें, असें सांगतात. परंतु त्याच वेळीं मिशनच्या घरांत काय चाललें होतें? आनंदाच्या भरांत जॉन थॉमस याला वेड लागलें होतें व त्यास एका खोलींत ठेवावें लागलें होतें. दुसऱ्या खोलींत डोरथी केरी आक्रोश करीत होती. नदीकांठीं स्तोत्रें गाइलीं जात होतीं आणि घरांत हा कोलाहल. वॉर्डनें आपल्या रोजनिशींत हें झांकून ठेविलें नाहीं, याबद्दल त्याचे आभार मानले पाहिजेत. संस्थांचे जन्म असेच असतात. वर्धापनदिनाच्या भाषणांत मात्र एकाच बाजूचें वर्णन येतें.

यापुढील तीन वर्षांत जें घडलें तें मला या सबंध इतिहासाचा गाभा वाटतें. कृष्णपालानें आपल्या घरासमोर स्वखर्चानें प्रार्थनेसाठीं एक लहानसें घर बांधिलें. बंगाली ख्रिस्ती मनुष्यानें आपल्या कमाईंतून उभारिलेलें हें पहिलें उपासनागृह. बाप्तिस्म्याच्या वेळीं कोणाचेंहि नांव बदलावयाचें नाहीं, असा मिशनऱ्यांनीं निर्णय केला. कृष्ण हा कृष्णच राहिला, गोकुळ गोकुळच. मग कृष्णप्रसाद नांवाचा एक तरुण ब्राह्मण मंडळींत आला. प्रभुभोजनाच्या वेळीं एकच प्याला सर्वांमध्यें फिरतो. सुतार कृष्णपालानें ओंठास लाविलेला प्याला त्याच्यामागून ब्राह्मण कृष्णप्रसादानें घेतला. आज हें वाक्य वाचावयास अर्धें मिनिट लागत नाहीं. परंतु १८०० च्या सुमारास तो घोट घ्यावयास जें धैर्य लागलें असेल, त्याची कल्पना पंक्तिभेदाच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या माणसासच येईल.

१८०३ मध्यें या कृष्णप्रसादानें कृष्णपालाची धाकटी मुलगी आनंदा हिच्याशीं विवाह केला. विवाह लागला तो वधूपित्याच्या घराजवळ, झाडाच्या सावलींत. आणि लग्नाचें जेवण मिशनऱ्यांनीं सुताराच्या घरीं घेतलें. तीन वर्षांपूर्वीं सुतार गोऱ्यांच्या मेजावर जेवला होता. आतां गोरे सुताराच्या घरीं पाहुणे झाले. त्याच वर्षीं गोकुळ वारला. नेहमींच्या प्रघाताप्रमाणें भाडोत्री खांदेकरी न लावतां मंडळीनेंच त्यास खांदा दिला. मार्शमन व फेलिक्स केरी हे दोन इंग्रज, भैरव हा पूर्वाश्रमींचा ब्राह्मण आणि पिरू हा पूर्वाश्रमींचा मुसलमान, अशा चौघांनीं त्याची शवपेटी उचलिली. जेवण, लग्न आणि स्मशान या तिन्ही ठिकाणीं जातीची भिंत उभी असते; तीन वर्षांच्या आंत या मंडळीनें तिन्ही ठिकाणीं ती ओलांडली.

येथें आपल्या इकडील एका गोष्टीचें स्मरण होतें. १८४९ मध्यें मुंबईस दादोबा पांडुरंग प्रभृतींनीं परमहंस सभा स्थापिली. जातिभेद मोडणें हाच तिचाहि उद्देश. विद्वत्तेंत व सद्धेतूंत तिचे सभासद श्रीरामपूरच्या सुतारापेक्षां कितीतरी वरचढ होते. परंतु सभा गुप्त होती. ख्रिस्ती मनुष्यानें भाजलेला पाव सभासद खात, तो बंद दाराआड. पुढें सभासदांचीं नांवें फुटलीं तेव्हां सभाच विरघळून गेली. मोठ्या पंडितांस जें जमलें नाहीं तें एका सुतारास कां जमलें? धैर्य कमीअधिक होतें, हें उत्तर अपुरें आहे. कृष्णपालाच्या मागें मंडळी होती: जेवावयास पंक्ति, लेकीस वर, मेल्यावर खांदा. परमहंस सभेपाशीं तत्त्व होतें, पण बहिष्कृतास घेण्यासारखें घर नव्हतें. समाज सोडणारास दुसरा समाज मिळाल्यावांचून नुसतें तत्त्व पुरत नाहीं, हा धडा न्यायमूर्ति रानड्यांच्या पिढीसहि पुन्हां शिकावा लागला.

मंडळी वाढली तिच्या मुळाशीं अर्थव्यवहाराची एक विलक्षण रीत होती. मिशनचीं कुटुंबें एकत्र जेवीत, एकत्र राहात. कोणीहि स्वतःसाठीं खासगी धंदा करावयाचा नाहीं, सर्व मिळकत एका पेटींत. मार्शमन पतिपत्नींनीं शाळा काढिली, वॉर्डनें छापखाना चालविला, आणि १८०१ मध्यें केरी फोर्ट विल्यम कॉलेजांत दरमहा ५०० रुपयांवर बंगाली शिकवूं लागला. हे सर्व पैसे स्वतःच्या निर्वाहापुरते वगळून त्याच पेटींत जात. आमच्या एकत्र कुटुंबाचाच हा एक प्रकार. फरक इतकाच कीं, हें कुटुंब रक्ताचें नव्हे, कराराचें होतें.

याच कॉलेजांत पुढें केरीकडे मराठीहि आली आणि पंडित वैजनाथशर्मा यांच्या साहाय्यानें १८०५ मध्यें त्याचें मराठी व्याकरण व १८१० मध्यें मराठी-इंग्रजी कोश निघाला. १८११ मध्यें नवा करार मराठींत छापला गेला. पंचानन कर्मकार या कुशल कारागिरानें व त्याचा जांवई मनोहर यानें पाडलेल्या खिळ्यांनीं हें सारें घडलें. श्रीरामपूरची मराठी ओबडधोबड होती, हें खरें. तरी मराठी गद्य छापील पानावर वाढूं लागलें त्याच्या आरंभीं ही मंडळी आहे, हेंहि तितकेंच खरें.

ऑक्टोबर १८०५ मध्यें मिशनऱ्यांनीं एक करारनामा लिहिला. देशी लोकांस बरोबरीनें वागवावें, त्यांच्या मंडळ्यांचे पाळक त्यांच्यांतूनच व्हावे, युरोपियनानें शक्य तितकें मागें राहावें, हीं त्यांतील मुख्य कलमें. वर्षांतून तीन वेळां हा करार प्रत्येक ठाण्यावर मोठ्यानें वाचावयाचा असा नियम होता. इतर ठाणींहि उभीं राहात होतीं: दिनाजपूर, काटवा, जेसोर. कलकत्त्यांत लाल बाजारांत १ जानेवारी १८०९ रोजीं नवें उपासनामंदिर उघडलें. तें आज केरी बॅप्टिस्ट चर्च या नांवानें चालू आहे. त्या मंदिरांत ६ सप्टेंबर १८१२ रोजीं वॉर्डनें अमेरिकन मिशनरी ॲडोनिरम जडसन व त्याची पत्नी यांस बाप्तिस्मा दिला. श्रीरामपूरच्या बॅप्टिस्टांशीं वाद करावा लागेल म्हणून जडसन वाटेंत अभ्यास करीत आला, आणि अभ्यास करतां करतां स्वतःच बॅप्टिस्ट झाला! तो ब्रह्मदेशांत गेला. त्याच्या तुकडींतील गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे मात्र आपल्या जुन्या मतावर कायम राहून १८१३ च्या फेब्रुवारींत मुंबईस आले. त्यांच्यापासून अमेरिकन मराठी मिशनची परंपरा सुरू झाली.

या मंडळीचे दोषहि सांगितले पाहिजेत. १८०७ मध्यें तिच्या छापखान्यांतून एक फारसी पत्रक निघालें; त्यांत पैगंबरांविषयीं अपशब्द होते. वेल्लोरचें बंड ताजें होतें. सरकार संतापलें, आणि छापखाना कलकत्त्यास हलविण्याचा हुकूम निघाला. डॅनिश गव्हर्नराच्या भिडेनें व केरीच्या दिलगिरीनें तें प्रकरण मिटलें. परधर्मावर तुटून पडणें हा त्या काळच्या धर्मप्रचाराचा दोष होता आणि श्रीरामपूर त्यास अपवाद नव्हतें. ११ मार्च १८१२ च्या रात्रीं छापखान्यास आग लागून खिळे, कागद व हस्तलिखितें भस्म झालीं. वॉर्डनें कांहीं दिवसांत राखेंतून पुन्हां काम उभें केलें. आगीनें जें मोडलें नाहीं तें घरच्या भांडणानें मोडलें. इंग्लंडाहून आलेल्या तरुण मिशनऱ्यांस वडिलांचें वर्चस्व सोसेना. त्यांत केरीचा सख्खा पुतण्याहि होता. मालमत्ता कोणाच्या नांवें, हिशेब कोणीं कोणास द्यावयाचा, यावर वाद झाले. तरुणांनीं कलकत्त्यास वेगळी चूल मांडली आणि १८२७ मध्यें श्रीरामपूरचा मूळ संस्थेशीं संबंध तुटला. तो केरीच्या मृत्यूनंतर, १८३७ मध्यें जुळला. ज्यांनीं ब्राह्मणास सुताराच्या पंक्तीस बसविलें, त्यांस आपल्याच भावांच्या पंक्तीस बसवेना! पेटी एक असेपर्यंत मंडळी एक. पेटीचा प्रश्न निघाला कीं भेद पडतो. सार्वजनिक संस्था चालविणाऱ्या आपल्या वाचकांस याचें अधिक स्पष्टीकरण नको.

आणि १८०५ च्या करारांतील तें मुख्य कलम? देशी पाळक पुष्कळ झाले, परंतु पैसा परदेशांतून येई तोंपर्यंत पुढारीपणहि परदेशीयांकडेच राहिलें. हें दुखणें एका बंगालचें नव्हे. आपल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांनीं १८९५ मध्यें बाप्तिस्मा घेतला, आणि १९१७ मध्यें मिशनची चाकरी सोडून ‘देवाचा दरबार’ उभारिला, तो याच दुखण्यामुळें. २९ नोव्हेंबर १९७० रोजीं नागपुरास उत्तर भारतांतील निरनिराळ्या पंथांच्या मंडळ्यांचें एकीकरण झालें, त्यांत बॅप्टिस्ट मंडळ्यांचा एक गटहि सामील होता. श्रीरामपूरच्या कागदावर लिहिलेलें कलम व्यवहारांत यावयास दीडशें वर्षांहून अधिक काळ लागला.

कृष्णपाल १८२२ मध्यें वारला, वॉर्ड १८२३ मध्यें, केरी ९ जून १८३४ रोजीं, मार्शमन १८३७ मध्यें. १८४५ मध्यें डेन्मार्कनें श्रीरामपूर इंग्रजांस विकून टाकिलें. १८१८ मध्यें स्थापिलेलें कॉलेज नदीकांठीं अद्याप उभें आहे, आणि केरीची कबर पाहावयास लोक जातात. कृष्णपालाविषयीं विचारणारे थोडे. परंतु मला वाटतें, मंडळीचा संस्थापक कोण याचें उत्तर देतांना आपण त्याचें नांव केरीच्या शेजारीं लिहावें. केरीजवळ चाळीस भाषांची उमेद होती आणि पाठीशीं, लहानशी कां होईना, एक संस्था होती. सुताराजवळ एक दुखरा खांदा, एक बायको, मुली, आणि ज्या गांवांत उद्यां कोणी पाणीहि देणार नाहीं असें एक गांव, एवढेंच होतें. त्या दुपारीं तो मेजाशीं बसला, तेव्हां समोरच्या ताटांत काय होतें हें कोणीं लिहून ठेविलेलें नाहीं. तो उठला नाहीं, एवढें लिहून ठेविलेलें आहे.